घरात बघण्यासारखं

गेल्या दिवाळीत आईने मला चार दिवस आधीच कराडला बोलावून घेतलं. करंज्या लाटायला नाही, माळा रिकामा करायला. पप्पांचे गुडघे आता शिडी चढू देत नाहीत आणि सोनीला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, धुळीची ॲलर्जी. त्यामुळे बी.ई. कॉम्प्युटर, वय वर्षं अठ्ठावीस, असा मी तोंडाला रुमाल बांधून माळ्यावर चढलो. तांब्याचा बंब, आजीचा पाट, माझ्या फर्स्ट इयरच्या ड्रॉइंग शीट्स, कूलरचं एक दार (कूलर कुठे गेला कुणास ठाऊक), आणि सगळ्यांच्या मागे रेक्झिनची एक जड बॅग. चेन उघडली तर आत सीड्या.

"काय सापडलं रे?" खालून आई.

"सीड्या."

"टाकून दे. कोण बघतंय आता."

एकशे त्रेचाळीस निघाल्या. काही प्लास्टिकच्या डब्यांत, काही नुसत्या कागदी पाकिटांत, काही एकावर एक रचून दांडीला अडकवलेल्या. बहुतेक व्हीसीडी, थोड्या डीव्हीडी. ज्यांना व्हीसीडी म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी: गाण्यांच्या सीडीएवढीच चकती, तिच्यात साधारण ७४ मिनिटांचा पिक्चर मावायचा. म्हणून मराठी सिनेमा दोन सीड्यांत यायचा आणि हिंदी कधी दोन, कधी तीन. चित्र ३५२ बाय २८८. आज तुमच्या फोनवर एखादी रील एवढ्या रिझोल्यूशनमध्ये आली तर तुम्ही वायफाय तपासाल.

बॅगेच्या तळाशी एक वही होती. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबोडकी, पतसंस्थेत असते तशी. पप्पा एका पतसंस्थेत क्लार्क होते आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवायची त्यांना सवय होती. गॅसची टाकी कधी लावली, दूधवाल्याने कधी खाडा केला, सगळ्याची. तशीच ही सीड्यांची वही. रकाने पट्टीने आखलेले: अ. क्र., तारीख, नाव, नग, भाडे, परत दि., शेरा.

मी माळ्यावरच बसून शेरे वाचायला लागलो.

'श्वास'. नग २. "आई रडली. पोरं झोपली. उत्तम."

'लगान'. नग ३. "दोन दिवसांत बघितला. मॅचच्या वेळी लाइट गेली. पोरांनी घर डोक्यावर घेतले."

'झपाटलेला'. नग २. "सोनी घाबरली. पुन्हा आणू नये." (खाली त्याच वर्षात तोच सिनेमा आणखी तीनदा.)

'डोंबिवली फास्ट'. नग २. "चांगला. पण घरात बघण्यासारखा नाही."

घरात बघण्यासारखा. हे शब्द त्या वहीत किती वेळा येतात ते मी नंतर मोजलं. तिकडे येतोच.

*

आमच्याकडे स्वतःचा प्लेअर आला २००४ मध्ये. त्याआधी गौरीच्या जागरणाला भाड्याने आणायचो, प्लेअर आणि तीन पिक्चर असा एकत्र हिशोब. स्वतःचा आल्यावर शनिवार हा सीडीचा वार झाला. पप्पा पतसंस्थेतून सुटले की मला शाळेजवळून स्कूटरवर घ्यायचे आणि आम्ही स्टँडजवळच्या सीडी लायब्ररीत जायचो. एका बाजूला रिचार्ज आणि झेरॉक्स, दुसऱ्या बाजूला छतापर्यंत कव्हरं. एका नगाला एका दिवसाचे दहा रुपये. 'लगान'चे तीस. त्यामुळे तीन नगांचा सिनेमा आवडला नाही तर पप्पांना तो वैयक्तिक तोटा वाटायचा.

आज मी विचार करतो की ते केवढं अवघड काम होतं. घरात पाच माणसं, टीव्ही एक, वेळ एक आणि पिक्चरही एकच. तो सगळ्यांना चालला पाहिजे. पप्पांच्या डोक्यात अटींची एक यादी होती.

आजीसाठी: रडारड चालेल, मरण नको. देवाधर्माच्या सिनेमात मरण आलं तर चालेल, कारण तिथे पुढे मोक्ष असतो. आम्हा पोरांसाठी: हाणामारी चालेल, रक्त नको; गाणी चालतील, पण पावसातली नकोत. लाइटसाठी: तो काळ लोडशेडिंगचा होता. आमच्या भागाची वेळ ठरलेली असायची आणि ती दर काही दिवसांनी बदलायची. संध्याकाळी लाइट आल्यापासून आजीच्या झोपेपर्यंत साधारण अडीच तास मिळायचे. त्यात दोन नग बसायचे, तीन नाही. सिनेमाची लांबी आमच्याकडे महावितरण ठरवायचं.

शेवटची अट सीडीच्या तब्येतीची. पप्पा प्रत्येक चकती दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तिरकी धरून बघायचे. मीही तसंच करायचो, काही न कळता. पुढे इंजिनीअरिंगला एरर करेक्शन शिकताना कळलं की ते बघण्यात अर्थ होता. सीडीवरची माहिती आतून बाहेर जाणाऱ्या एकाच लांब सर्पिल रेषेत असते. मधून काठाकडे सरळ गेलेला ओरखडा त्या रेषेला प्रत्येक फेरीत थोडा थोडाच कापतो आणि गहाळ झालेले बिट्स गणिताने परत भरता येतात. पण रेषेच्या दिशेनेच गोल गेलेला ओरखडा सलग मोठा तुकडा खातो. म्हणून सीडी पुसायची ती मधून बाहेर, गोल गोल नाही. त्यात व्हीसीडीची गोची अशी, की चित्र जास्त मावावं म्हणून साध्या डेटा सीडीला असतं त्यातलं जादाचं संरक्षण तिथे काढून टाकलेलं असतं. प्रत्येक सेक्टरमध्ये २०४८ ऐवजी २३२४ बाइट मावतात, त्या बदल्यात. म्हणून तर नायकाच्या तोंडाचे चौकोन व्हायचे.

आणि सीडी आतून सुरू होते म्हटल्यावर शेवट येतो काठावर. हाताळताना बोटं लागतात तीही काठालाच. त्यामुळे लायब्ररीच्या सीड्या नेमक्या क्लायमॅक्सला अडकायच्या. माझ्या पिढीच्या निमशहरी पोरांनी कितीतरी व्हिलन मरताना बघितलेले नाहीत.

कव्हरवर सेन्सॉरचं प्रमाणपत्र असायचं: यू, यूए, ए. ए तर विषयच नाही. पण पप्पांचा यूवरही विश्वास नव्हता. लायब्ररीवाला म्हणायचा, "साहेब, यू आहे, एकदम फॅमिली." त्यावर पप्पांनी एकदा दिलेलं उत्तर मला पाठ आहे: "सेन्सॉर बोर्ड आपल्या आईला शेजारी बसवून बघत नाही."

म्हणून ते स्वतः आधी बघायचे. हे मला वहीतून कळलं. एका हिंदी सिनेमापुढे शेरा होता: "दुसऱ्या सीडीत मि. २२ ते २५ पुढे ढकलणे." लहानपणी मला नेहमी प्रश्न पडायचा की पप्पांना रिमोट नेमका कधी उचलायचा हे कसं कळतं. तर शुक्रवारी रात्री आम्ही झोपलो की ते आवाज बंद करून सीडी तपासायचे. वाचनालयातली पुस्तकं वाटपाआधी वाचणाऱ्या हेडमास्तरांसारखे. म्हणजे अर्धी सीडी लायब्ररी त्यांनी मूकपटासारखी बघितलेली आहे. त्या वहीतल्या प्रत्येक शेऱ्यामागे एका माणसाची एक झोप आहे. हे वाचून मला भरून आलं, हे मी कबूल करतो.

२००७ मध्ये मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली तेव्हा आमच्या घरात क्रांती झाली. भाड्याच्या पैशांत पिक्चर विकत! पप्पांनी वहीत नवा रकाना आखला: 'मालकी'. बॅगेतल्या बऱ्याचशा चकत्या त्याच काळातल्या. मग लायब्ररी बंद पडली, पुढे पेनड्राइव्ह आले, मग जिओ आलं. मोझर बेअर कंपनीच २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि तिच्या लिक्विडेशनचा आदेश झाला. आमच्या वहीतली शेवटची नोंद २०१२ ची आहे.

*

मी पुण्यात ज्या कंपनीत काम करतो तिथे माझं काम रेकमेंडेशनचं आहे. सिनेमाचं नाही, ऑनलाइन खरेदीचं. तुम्ही कुकर घेतलात की खाली "हेही बघा" म्हणून कुकरची रिंग दिसते, त्यामागे माझ्यासारखी माणसं बसलेली असतात. त्यामुळे ३११ ओळींची, हाताने लिहिलेली, आठ वर्षांची वही समोर आल्यावर मी जे करायला नको ते केलं. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी लॅपटॉप उघडून ती सगळी एक्सेलमध्ये भरली.

या धंद्यातली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट डिस्कचीच आहे. नेटफ्लिक्स ही मुळात पोस्टाने डीव्हीडी पाठवणारी अमेरिकन कंपनी. १९९८ मध्ये सुरू झालेला तो धंदा त्यांनी २०२३ च्या सप्टेंबरपर्यंत चालू ठेवला होता. २००६ मध्ये त्यांनी स्पर्धा लावली: कुणाला कोणता सिनेमा किती आवडेल याचा आमचा अंदाज दहा टक्क्यांनी सुधारून दाखवा, दहा लाख डॉलर घेऊन जा. त्यासाठी दहा कोटींहून जास्त रेटिंग्ज खुली केली. २००९ मध्ये बक्षीस दिलंही. ते गणित मी कॉलेजात शिकलो. एक मोठा तक्ता असतो, ओळीत माणसं, रकान्यात सिनेमे. बहुतेक चौकटी रिकाम्या असतात. भरलेल्या चौकटींवरून रिकाम्यांचा अंदाज करायचा.

त्या डेटात एक अडचण होती. खातं एक, पण त्यावर बघणारं घर अख्खं. एकाच ग्राहकाला कार्टूनही आवडायचं आणि युद्धपटही, कारण तो ग्राहक म्हणजे मुलगा आणि बाप मिळून होता. मशीनला घर दिसत नव्हतं, फक्त खातं दिसत होतं.

पप्पांच्या वहीत मात्र घर दिसत होतं. मी शेऱ्यांमधून माणसं वेगळी काढली. सोनी घाबरली, सोनी नाचली, सोनीला समजला नाही: ४७ नोंदी. माझ्या ६२ ("मोठ्याने पुन्हा लावायला लावला"). स्वतः पप्पांच्या ३८, बहुतेक "ठीक". आणि 'आई' नावाच्या तब्बल १०४. आईला आवडला. आई रडली. आईने मध्येच उठून देवापुढे दिवा लावला. आईसाठी खास: 'सांगत्ये ऐका', 'श्यामची आई', 'वऱ्हाड निघालंय लंडनला'. आईसाठी 'रामायण'चा डीव्हीडी संच हप्त्याहप्त्याने. आईला 'मालगुडी डेज' आवडले, हिंदी असूनही.

मी खूश होऊन स्वयंपाकघरात गेलो. आई चकलीचा सोऱ्या धूत होती.

"आई, पप्पांनी सगळ्यात जास्त पिक्चर तुझ्या आवडीचे आणलेत. डेटा आहे माझ्याकडे. तुला 'मालगुडी डेज' आवडायचं?"

"ते काय असतं?" आई म्हणाली.

मी तिला वही दाखवली. तिने ओले हात पदराला पुसले, चष्मा कपाळावरून खाली घेतला, दोन पानं वाचली आणि हसली. "अरे वेड्या, ही वही तुझ्या पप्पांची. त्यांची आई म्हणजे तुझी आजी."

मी परत लॅपटॉपपाशी आलो. 'आई' हा रकाना बदलून 'आजी' केला. मग माझ्या आईसाठी नवा रकाना घातला आणि तिच्या नावाने शोधलं. मग "ही" शोधलं. "मंडळी" शोधलं. "पोरांची आई" शोधलं. ३११ ओळी.

एक नोंद निघाली.

*

अ. क्र. १३७. जून २००६. 'उंबरठा'. नग २. भाडे २०. परत: दुसऱ्याच दिवशी. शेरा: "हिने सांगितलेला. पाहिला. परत."

ज्यांनी बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८२ चा सिनेमा, दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा विजय तेंडुलकरांची, शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून. स्मिता पाटील. सुखवस्तू घरातली शिकलेली सून सुलभा, नवरा वकील, एक लहान मुलगी. तिला दुसऱ्या गावच्या महिलाश्रमात अधीक्षकाची नोकरी मिळते आणि ती मुलीला घरच्यांजवळ ठेवून जाते. एवढीच गोष्ट. मारामारी नाही, पावसातलं गाणं नाही. पप्पांच्या यादीतल्या एकाही अटीत तो अडकत नव्हता.

पप्पा गच्चीत आकाशकंदिलाची वायर जोडत होते. मी वही घेऊन वर गेलो.

"पप्पा, हा का परत केला? सीडी खराब होती?"

त्यांनी ओळ वाचली. बराच वेळ वाचली, एवढी मोठी नव्हती ती. "तेव्हा तुझ्या आईची ऑर्डर आली होती."

हे मला अर्धवट माहीत होतं. आईचं डी.एड. झालेलं आहे. २००६ मध्ये तिला शिक्षणसेविका म्हणून ऑर्डर आली होती, पाटण तालुक्यात, आत डोंगरात. रोज जाऊन-येऊन जमलं नसतं, आठवडाभर तिथेच खोली घेऊन राहावं लागलं असतं. मी नऊ वर्षांचा, सोनी पाच, आजीचं बीपी. घरात तेव्हा कुणीच "नको" म्हटलं नव्हतं. सगळे "बघू" म्हणत होते. आणि मग आईच म्हणाली की नको, पोरं लहान आहेत. आमच्या घरातली अधिकृत नोंद अशी आहे.

"आजी पुढ्यात बसून बघणार होती," पप्पा म्हणाले. "त्यातली सून घर सोडून नोकरीला जाते. विषय निघाला असता."

"निघाला असता तर?"

त्यांनी टेस्टर खिशात ठेवला. "म्हणून तर परत केला."

पुढे काहीच बोलले नाहीत. मीही वाद घातला नाही. जो माणूस आमच्यासाठी शुक्रवारच्या रात्री जागत होता त्याच माणसाने त्याच रात्री, त्याच काळजीने हे केलं होतं. त्यांच्या दृष्टीने तो सिनेमा घरात बघण्यासारखा नव्हता आणि ते बरोबरच होतं. तो बघितला असता तर घरात काहीतरी झालं असतं. फक्त 'घरात बघण्यासारखा' या शब्दांतलं घर कुणाचं, हे मी आधी कधी विचारलं नव्हतं.

आईला विचारलं तेव्हा ती झोपायच्या आधी गॅसचा ओटा पुसत होती.

"मला म्हणाले, सीडी खराब निघाली."

"मग?"

"मग काय. चांगली होती सीडी. मला माहीत होतं."

"कसं काय?"

"अरे, ते बाहेर बघत होते, मी इथेच होते, असंच आवरत. आवाज बंद होता, पण त्या समोरच्या भिंतीवर टीव्हीचा उजेड हलत होता. शेवटपर्यंत हलत होता. अडकलेल्या सीडीचा उजेड हलत नाही."

मी विचारलं की मग बोलली का नाहीस. तिने फडकं पिळलं. "काय बोलायचं? ऑर्डरलासुद्धा मीच नको म्हणाले होते ना."

तो सिनेमाच का, तर तिने तो लग्नाआधी दूरदर्शनवर अर्धा बघितला होता. सुलभा नोकरीच्या गावाला पोचते आणि आश्रमाचं काम हातात घेते, तिथे लाइट गेली. परत आली तेव्हा बातम्या चालू होत्या. पुढे काय झालं हे तिला वीसेक वर्षं बघायचं होतं. म्हणून एकदाच पप्पांना म्हणाली, मिळाला तर आणा.

*

आता माझी गोष्ट. कारण वहीतले रकाने दाखवून पप्पांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं आणि आपण वकील व्हायचं, हे सोपं आहे.

दोन वर्षांपूर्वी मी घरी स्मार्ट टीव्ही घेतला, ओटीटीचं सबस्क्रिप्शन भरलं आणि मोठ्या हौसेने प्रोफाइल केली. पप्पा. सोनी. मी. आणि चौथं 'किड्स', मावशीचा नातू सुट्टीत येतो म्हणून. मावशीचा नातू वर्षातून दहा दिवस येतो. आईचं प्रोफाइल मी केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलं असतं तर मी सहज सांगितलं असतं: आई काय, पप्पांचंच बघते. तिला तसं काही बघायचं नसतं.

नोकरीत मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी एक गोष्ट सांगतो. रिकामी चौकट म्हणजे शून्य नव्हे. एखाद्याने एखाद्या वस्तूला रेटिंग दिलं नाही याचा अर्थ ती त्याला आवडत नाही असा होत नाही. कदाचित ती त्याला कधी दाखवलीच गेली नसेल. हे मी स्लाइडवर लाल अक्षरांत लिहितो. आणि घरी येऊन आईच्या रिकाम्या चौकटीत मी शून्य भरलं होतं.

खरं तर लहानपणीही मी तेच करत होतो. आम्ही चौघं बाहेर पिक्चर बघायचो तेव्हा आई स्वयंपाकघरात असायची, कारण शनिवारचा सिनेमा आणि रात्रीचा स्वयंपाक यांची वेळ लाइटच्या वेळेमुळे एकच यायची. मोठा हशा झाला की ती आतून विचारायची, "काय झालं रे?" आणि मी ओरडायचो, "थांब ना गं, बघू दे!" सीडी बदलायला पप्पा उठले की ती दोन मिनिटं दारात येऊन उभी राहायची, हातात उलथनं. म्हणजे तिने आयुष्यात जे बघितलं ते बहुतेक निळी स्क्रीन आणि 'लोडिंग'.

*

दिवाळीनंतर पुण्यात जुन्या सीडी-डीव्हीडी विकणाऱ्या एका दुकानात 'उंबरठा' मिळाला. व्हीसीडी, नग २. दुकानदाराने सत्तर रुपये घेतले आणि विचारलं, "प्लेअर आहे का?" नव्हता. बाहेरून लावायचा डीव्हीडी ड्राइव्ह ऑनलाइन मागवला. (मागवल्यावर खाली "हेही बघा" म्हणून ब्लँक डीव्हीडींचं पाकीट दिसलं. शाब्बास.) फोनवर कुठे सापडला असता का, हे मी शोधलंच नाही. अ. क्र. १३७ मध्ये नग दोन लिहिलं होतं, मला तेच दोन नग परत आणायचे होते.

डिसेंबरमधल्या एका शनिवारी घरी गेलो. लॅपटॉपला ड्राइव्ह, लॅपटॉप टीव्हीला. फोल्डर उघडलं, एमपीईजीएव्ही, त्यात एव्हीएसईक्यू०१ डॉट डॅट. जुन्या गल्लीत शिरल्यासारखं वाटलं. ४३ इंची स्क्रीनवर ३५२ बाय २८८ म्हणजे पोहे सांडल्यासारखं दिसत होतं. आई म्हणाली, "दिसतंय की चांगलं." पप्पा त्यांच्या खुर्चीत. आजीची जागा २०१५ पासून रिकामी आहे. तिथे, म्हणजे अगदी टीव्हीसमोर, आई बसली. आधी कडेला बसली होती, सोनीने सरकवलं.

पहिली सीडी संपायच्या थोडं आधी स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. आई सवयीने उठायला लागली. मी म्हटलं, बस, आणि आत गेलो. गॅस बंद केला, भात उतरवला, कोशिंबिरीत मीठ घालायचं राहिलं होतं ते घातलं. बाहेर आलो तर मधलं काहीतरी निसटलेलं.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"थांब ना," आई म्हणाली. "बघू दे."

तिने मान वळवली नाही. पप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि मग जमिनीकडे.

दुसरी सीडी शेवटाकडे, अर्थातच, अडकली. चौकोन झाले, आवाज किंचाळला. माझा हात माऊसकडे गेला. आई म्हणाली, "थांब, जाईल पुढे." गेली. सुलभा घरी परत येते. मधल्या काळात नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. आणि ती तिथे राहत नाही, पुन्हा निघते. रेल्वेत बसलेली स्मिता पाटील, आणि संपला.

कुणी काही बोललं नाही. मग आई म्हणाली, "मला इतकी वर्षं वाटत होतं, ती परत येते आणि राहते."

"येते तर," सोनी म्हणाली.

"हो. येते." आईने पाय खाली सोडले, चपलेसाठी चाचपडली. "राहत नाही पण."

पप्पा उठले. मला वाटलं झोपायला जातायत. ते आतून वही घेऊन आले, पेन शोधलं आणि वही तिच्यासमोर धरली. "शेरा लिही."

आई लाजली. "मी काय लिहू?" मग तिने ती घेतली, मागची पानं चाळली, पप्पांचं ते बारीक कारकुनी अक्षर, १०४ वेळा दुसरीच आई. लिहिलं मात्र काही नाही. वही मिटून मांडीवर ठेवली आणि मला म्हणाली, "पुढच्या शनिवारी येणार आहेस?"

"येईन. का?"

"त्या बॅगेत 'अशी ही बनवाबनवी' आहे ना?"

"आई! तो तर पाठ आहे आपल्याला. तूच सगळे डायलॉग म्हणतेस."

"पाठ आहे," आई म्हणाली. "आतून ऐकून. पार्वती झालेला लक्ष्या दिसतो कसा, ते एकदा सलग बघायचंय."